भगवानराव पेंटरचा नंबर

"वाजत काहून नाही हा?" भगवानराव पेंटरनं मोबाईल काउंटरवर ठेवला. "पाय बरं तनवीर. घंटी खराब झाली असन."

बटणांचा जुना फोन होता तो. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला, पुसून लख्ख केलेला. तनवीरनं तो उलटसुलट करून पाहिला.

"काका, हा म्युझियममध्ये द्या. माह्याजवळ कायले आणला?"

दुकानातली पोरं हसली. कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला, यावरून ती मघापासून एकमेकांच्या बापापर्यंत पोचली होती. तनवीरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन आहे, त्यामुळे हे भांडण मी रोज ऐकतो. ज्या कंपनीच्या मालकानं यांचं तोंडही पाहिलेलं नाही, तिच्यासाठी ही पोरं मित्राशी बोलणं टाकतात. फोन घेताना कॅमेरा विचारतात, बॅटरी विचारतात, गेम अडकतो का ते विचारतात. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं का, हे कोणी विचारत नाही.

भगवानराव माझ्याकडे वळला. "शेजारच्या मथुराबाईची सून आली ना सुरतेहून. तिले तिथं प्रणिता दिसली बजारात. म्हणे, बाबाले फोन लावते, पण बाबा बोलतच नाही. म्हंजे लावते ना थे! अन् इथं हा वाजत नाही."

"प्रणिताचा नंबर घेतला का तिनं?" मी विचारलं.

"नाही घेतला. गाडी सुटत होती म्हणे तिची."

प्रणिता त्याची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली होती. तिनं जातीबाहेरच्या पोराशी लग्न ठरवलं, तेव्हा भगवानरावनं आरडाओरडा केला नाही. घाटंजीच्या स्टँडवर तिला एवढंच म्हणाला, "मी काही फोन करणार नाही. तुले वाटलं त करजो. नंबर हाच राहीन." पहिल्या दिवाळीला फोन वाजला. मी त्याच्या घरीच बसलो होतो. तो फोनकडे पाहत राहिला. उचलला नाही, नंबरही टिपला नाही. "पुन्हा वाजन," म्हणाला. पुन्हा वाजला नाही. पोरगी रुसली असं त्यानं धरलं आणि तो वाट पाहू लागला. दर रात्री फोन चार्जिंगला लावायचा. शेजारी लग्न असलं, बँड वाजत असला, तर फोन हातात धरून बसायचा.

तनवीरनं मागचं झाकण काढलं. आतलं सिमकार्ड पाहून त्याचं हसू गेलं.

"काका, हे कंपनी त कवाचीच बंद झाली. दुसऱ्या कंपनीनं गिळली तिले."

"बंद कशी होईन? लाईफटाईम आहे हे."

"लाईफटाईम कायचं काका..."

"कायचं म्हंजे? म्या सोता लिवलं आहे. पारवा गावाच्या रस्त्यानं, हातभर अक्षरात. एकदाच भरा, आयुष्यभर इनकमिंग मोफत. खोटं लिवन काय मी?"

हे खरं होतं. मोबाईल नवे होते तेव्हा तालुक्यातल्या निम्म्या भिंती भगवानरावनं रंगवल्या. एका महिन्यात एका कंपनीचा हिरवा रंग, पुढच्या महिन्यात दुसरीचा साहेब यायचा आणि त्याच भिंतीवर जांभळा मारायला लावायचा. शिडी तीच, ब्रश तोच. कंपन्या अशा भिंतीभिंतीवर लढत होत्या आणि आम्हाला वाटायचं, हे सगळं आपल्यासाठी चाललं आहे. मला अक्षरं उशिरा आली. वाचायचा सराव मी त्याच्याच भिंतींवर केला, म्हणून ती ओळ मलाही पाठ आहे. काम आवडलं म्हणून हिरव्या कंपनीच्या साहेबानं त्याला हे कार्ड भेट दिलं होतं. आपल्या हातानं 'आयुष्यभर' हा शब्द लिहिलेल्या माणसाला ते खोटं कसं वाटणार?

"तुम्ही बराबर लिवलं काका," तनवीर हळू म्हणाला. "कंपनीच लवकर मेली. मेसेज आले असतीन ना तुमाले?"

"येत होते. इंग्रजीत."

इंग्रजी अक्षरं तो सुरेख काढायचा, पण चित्रं काढावीत तशी. वाचता येत नव्हती.

"मंग आता माहा नंबर कोठी गेला?"

"रिकामा नंबर कंपनी दुसऱ्याले देऊन टाकते."

भगवानरावनं काउंटरवरचं कार्ड उचललं, पुसलं. मग म्हणाला, "लाव त्याले."

तनवीरनं आपल्या फोनवरून तो नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला. पोरंही काउंटरशी सरकली. पलीकडून एक माणूस बोलला. सांगलीकडचा होता, कोंबड्यांचा धंदा करणारा. मागे कोंबड्यांचा गलका ऐकू येत होता. तनवीरनं त्याला सगळं समजावून सांगितलं.

"सुरतची बाई व्हय?" तो म्हणाला. "लई फोन यायचे तिचे. बाबा हायत का, बाबांना द्या. मी सांगायचो, ताई, राँग नंबर हाय. तर म्हनायची, त्यांनीच तुमाला असं सांगाया लावलंय न्हवं? ते न्हाई बोलले तरी चालंल, नुसता फोन त्यांच्या कानाला लावा. आता मी कुनाच्या कानाला लावू? शेवटी ब्लॉक केला बगा."

तनवीरनं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवरच्या कापडाकडे पाहिलं.

भगवानराव फोनवर वाकला. "नंबर असन ना साहेब तिचा? त्या ब्लॉकमधी?"

"त्यो मोबाईल मी मोडीत दिला की. नव्या मोबाईलवर तिचा फोन आला न्हाई कवा."

"आला त सांगजा," भगवानराव म्हणाला. "म्हणा, बापानं कोणाले काही शिकवलं नव्हतं. म्हणा, कार्ड मेलं होतं, बाप जिता आहे."

"सांगतो की," म्हणून त्यानं फोन ठेवला.

एक पोरगा म्हणाला, "फेसबुकवर सापडन ना. जावयाचं आडनाव सांगा काका."

"आडनाव मालूम नाही."

"असं कसं?"

"इचारलंच नाही मी."

पोरानं तरी शोधलं. प्रणिता नावाच्या कितीतरी बाया निघाल्या. हसणाऱ्या, गाडीवर बसलेल्या, समुद्रापाशी उभ्या. भगवानराव एकेका चेहऱ्याशी डोळे नेऊन पाहत होता. शेवटी म्हणाला, "आता कशी दिसत असन, कोणाले मालूम."

त्यानंतर तो रोज दुपारी येऊ लागला. तनवीर सांगलीला फोन लावायचा. "न्हाई आला काका," असं तो माणूस आधी आपुलकीनं सांगायचा. पुढे नुसतं "न्हाई" म्हणायचा. मग एकदा फोनवर त्याची बायको बोलली. "आमाला धंदा हाय, रोज रोज काय ओ?" भगवानरावनं तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

काल तनवीरनं लावला तर घंटीच गेली नाही. रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. तनवीरनं पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. त्यानं मला डोळ्यांनीच खुणावलं. सांगलीवाल्यानं आता तनवीरचाही नंबर ब्लॉक केला होता.

"काय म्हणते थे?" भगवानरावनं विचारलं.

तनवीरनं फोनचा आवाज कमी केला. "म्हणते... दुसऱ्याशी बोलून राह्यला तो."

भगवानराव एकदम ताठ बसला.

"कोणाशी?"

"आता थे कसं सांगू काका?"

तनवीरचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. भगवानरावनं घाईनं त्याचा हात धरला.

"नको लावू. थांब जरा. तिचाच लागला असन. बोलू दे तिले."