कपाटातला कागद

नारिंगाची फुलं उतरवायचे दिवस होते. झकियाच्या अंगणात चादरी अंथरलेल्या, फुलपाणी गाळायच्या तांब्याच्या भट्टीखाली मंद जाळ, आणि साऱ्या नाबुल गावाच्या वाऱ्याला गोड गुंगी आलेली. इस्पितळाच्या सर्जरी विभागातली सिस्टर जलीला फुलपाणी न्यायला आली.

"मावशी, तपासणीला फिरकलाच नाहीत तुम्ही. डॉक्टरीणबाई विचारत होत्या."

"कसली तपासणी गं? अपेंडिक्स काढलं, टाके सुकले, संपलं की."

जलीलाचा हात बाटलीवरच राहिला. "लझहरदादा कागद घेऊन गेले ना? गाठ होती त्या अपेंडिक्समध्ये. हळू वाढणारी, सौम्य जातीची, पण तिचा बुळबुळीत द्राव बाहेर सांडलेला. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाचं स्कॅन आणि रक्त तपासायचं. ऑपरेशनला चौदा महिने झाले, मावशी."

झकियानं एक लाकूड जाळातून मागे ओढलं. जाळ भडकला की फुलपाण्याला करपट वास येतो.

लझहर तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा. तिच्या पाठीवर वाढलेला, तिच्या हातचा कुसकुस खाऊन मिशा फुटलेला. लॅबमधून कागद आणायला तोच गेला होता आणि दारातूनच म्हणाला होता, "काही नाही गं लल्ला, सगळं साफ आहे." मोठ्या बहिणीला तो लल्ला म्हणे. इथली घरं अशीच. आजार गल्लीला ठाऊक असायचा, ज्याचा त्याला नाही.

ती सरळ त्याच्या दारात गेली. "कागद आण."

कुठला, हे त्यानं विचारलं नाही. कपाटातल्या हिवाळी घोंगड्यांखालून कागद निघाला.

"त्या आजाराचं नाव ऐकून खचली असतीस तू. मी जपत होतो तुला."

"लोणच्यासारखं जपलंस. बरणीत घालून, तोंड बांधून."

"सौम्य आहे म्हणाले, लल्ला. मला वाटलं, सौम्य म्हणजे संपलंच."

"पोट माझं, आणि वाटलं तुला."

स्कॅन झालं, रक्त दिलं. निकाल घ्यायच्या दिवशी तिनं मुद्दाम त्याला बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसवलं. "आता मी जपते तुला. बस इथंच."

आत डॉक्टरीणबाई काळ्या फिल्मवर बोट फिरवत होत्या. यकृताच्या कडेशी थांबल्या, ओटीपोटाशी थांबल्या. द्राव पुन्हा साचतो तो अशाच खबदाडीत. त्या बोटामागून झकियाचा श्वास चालला होता.

"कुठंही काही नाही," त्या म्हणाल्या. "रक्तही चांगलं आहे. पण हे नशीब तुमचं, शहाणपण नव्हे. सहा महिन्यांनी परत यायचं."

तारीख झकियानं स्वतःच्या हातानं लिहून घेतली.

ती बाहेर आली तसा लझहर उठला. तोंडावर राख फासल्यासारखा. "काय म्हणाल्या?"

झकियानं कागद झग्याच्या आतल्या खिशात सरकवला. "काही नाही रे लझहर, सगळं साफ आहे."

तेच शब्द, तोच हलका सूर. तो बघतच राहिला.

"खरं सांग, लल्ला."

"खरंच सांगतेय."

"मग कागद दाखव."

"दाखवीन की. चौदा महिन्यांनी."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याला एक अक्षर खरं वाटेना. रस्ताभर तो तिच्या चालीकडे, तिच्या पोटाकडे, तिच्या श्वासाकडे बघत आला. अंगणात न सांगता फुलं निवडायला बसला. नजर तिच्यावर, बोटं नुसतीच चालत होती, फुलं देठासकट टोपलीत पडत होती.

लहानपणी तापात त्यानं याच बोटांनी तिची वेणी रात्रभर धरून ठेवली होती. झकियाचा हात खिशाकडे गेला, कागदाची घडी बोटांना लागली. मग तिनं तोच हात रिकामाच पुढं करून त्याच्या टोपलीतलं एक फूल उचललं.

"देठ काढून टाक," ती म्हणाली. "पाणी कडू होतं."