मेजरांचे दोन काळे पट्टे

माझे सासरे, म्हणजे बाबा, सैन्यात होते हे खरं. ते विमानातून उडी मारून शत्रूच्या मुलखात उतरले होते, हे छापखानेवाल्या काकांचं खरं.

बाबा प्रभागाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांचे जुने मित्र, छापखानेवाले काका, कुणी न सांगता प्रचारप्रमुख झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना बढती दिली. निवृत्त होताना बाबांच्या बाहीवर जेमतेम दोन फिती होत्या. काकांनी त्यांना थेट मेजर केलं. मग चौकात फलक चढला. मी माझ्या लेकीला, छकुलीला, कडेवर घेऊन तो बघायला गेले. फलकावर मेजर आभाळातून तरंगत खाली येत होते. पायाखाली धूर, डोंगर आणि एक जळता रणगाडा. वर ठळक अक्षरांत: 'तेव्हा सीमेवर, आता तुमच्या दारावर!'

"दारावर काय? मी काय दूधवाला आहे?" बाबा म्हणाले.

"अरे, यमक बघ ना यमक," काका म्हणाले.

खरी गोष्ट अशी, की बाबा सैन्यात पॅराशूटच्या घड्या घालत. एका मोठ्या दालनात लांबच लांब टेबलं, त्यांवर पसरलेलं मैलभर वाटावं असं कापड, आणि दोन्ही बाजूंना वाकलेली माणसं. दोरी दोरीला चिकटू द्यायची नाही, कापडाला पीळ पडू द्यायचा नाही. युद्ध झालं तेव्हाही बाबा त्याच टेबलापाशी होते. बंदूक त्यांनी प्रशिक्षणात झाडली होती, पण ज्या फळीवर नेम धरला होता तिला गोळी लागली नाही, असं ते स्वतःच सांगतात. मात्र तिथे एक नियम होता. साहेब कुठल्याही दिवशी येत, एखाद्यानं बांधलेलं पॅराशूट उचलून त्याच्याच हातात देत आणि म्हणत, चल, आज हे घेऊन तूच उडी मार. बाबांच्या जेवढ्या उड्या झाल्या त्या अशा.

"उडी मारताना डोळे उघडे ठेवायचात?" मी एकदा विचारलं होतं.

"एक ठेवायचो," बाबा म्हणाले.

हे सगळं घरच्यांना ठाऊक होतं. काकांनाही होतं. पण काका म्हणत, "घडी घालणारा कोण बघतो? लोकांना उडी दिसते. मत उडीला मिळतं."

सासूबाईंना, म्हणजे आईंना, फलक मुळीच आवडला नव्हता. "तुंबलेलं गटार साफ करायला रणगाडा कशाला लागतो?" त्या म्हणायच्या. आणि त्यांच्याही आधी तो समोरच्या उमेदवाराला झोंबला होता. हे समोरचे म्हणजे चौकातले औषधवाले. त्यांच्या दुकानात आम्ही छकुलीच्या पोटदुखीचं औषध आणायचो, आणि ते बाटलीबरोबर सल्लाही फुकट द्यायचे. त्यांनी घरोघरी पत्रकं वाटली: 'कुठलं युद्ध? कुठली टेकडी? मेजरसाहेब, जरा सैन्यातली नोंद दाखवा की!'

माझ्या नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. "बाबा सैन्यात होते, एवढं पुरेसं नाही का? हे नोंद मागणारे कोण? यांनी काय केलं, खोकल्याच्या बाटल्या विकल्या!"

"मग खोकल्याच्या बाटल्या विकणाऱ्यानं उभं राहायचं नाही का?" आई म्हणाल्या. "आणि विचारतोय तर सांगा ना. घड्या घालत होते, सांगा. त्यात काय लपवायचंय?"

"आई, मतदान तोंडावर आलंय."

"तेच म्हणतेय मी. मतदान तोंडावर आलंय, तर खरं बोला."

बाबा या वादात नव्हते. ते खिडकीतून चौकाकडे बघत होते. त्यांना खात होतं ते निराळंच.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "त्या फलकात मांड्यांचे पट्टे नाहीत."

"कसले?"

"पॅराशूट नुसतं खांद्याला बांधत नाहीत. दोन पट्टे मांड्यांभोवती घालून आवळावे लागतात. छापखान्यातल्या पोरांनी माणूस एकीकडचा घेतला, छत्री दुसरीकडची घेतली आणि चिकटवली. आता हा माणूस वरच्या पट्ट्यांतून खाली निसटणार."

"बाबा, तो चित्रातला माणूस आहे."

"चेहरा माझा आहे ना?"

त्यांनी काकांनाही सांगून पाहिलं. काका म्हणाले, "मेजर, लोक तुझ्या तोंडाकडे बघतात. मांड्यांकडे कोण बघणार?" पण त्या आठवड्यात बाबा येता-जाता फलकाखाली थांबायचे आणि मान वर करून, निसटणाऱ्या पोराकडे बघावं तसं, स्वतःच्याच चित्राकडे बघायचे.

छकुलीला तेव्हा दात येत होते. उजाडायच्या आधी उठून बसायची आणि मलाही उठवायची. अशाच एका पहाटे मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होते. खाली दार वाजलं. बाबा बाहेर पडले. एका हातात शिडी, दुसऱ्यात काळ्या रंगाचा डबा. ते चौकात गेले, शिडी लावली आणि वर चढले. छकुली रडायची थांबली. आम्ही दोघी बघत राहिलो. बाबा एक पट्टा काढायचे, मान मागे घेऊन तो निरखायचे, मग दुसरा. उतरले तेव्हा मला इतकं हसू येत होतं, की मी तिच्या टोपीत तोंड खुपसलं.

मात्र फलकाशी नाक लावून जे पट्टे दिसत होते, ते रस्त्यावरून तसे दिसत नव्हते. रंग ओला होता, थोडा ओघळला. सकाळी भाजी आणायला निघालेल्या पहिल्या बाईनं वर बघितलं आणि पिशवी खाली ठेवून हसत सुटली. आमच्या मेजरांना कुणीतरी लंगोट नेसवला होता. काळाकुट्ट, ऐसपैस लंगोट. आणि तशाच वेषात ते जळत्या रणगाड्याकडे निघाले होते.

नऊ वाजेपर्यंत चौकात जत्रा जमली. काका आले, त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. मग त्यांची नजर औषधांच्या दुकानावर गेली. आदल्याच दिवशी औषधवाल्यांनी दुकानाच्या शटरला रंग दिला होता. काळा.

"सापडला!" काका ओरडले.

दुपारपर्यंत तक्रार निवडणूक अधिकाऱ्यांकडे पोचली. नियम कडक होता: विरोधकाच्या फलकाला काळं फासल्याचं सिद्ध झालं, तर उमेदवारी रद्द. रिंगणात होते दोघंच. औषधवाले बाद झाले की बाबा बिनविरोध.

"घरबसल्या निवडून येतोयस मेजर!" काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "काही करायचं नाही. सुनावणीत नुसतं दुःखी तोंड करून बसायचं."

दुःखी तोंड बाबांना करावं लागलं नाही, ते आपोआपच झालं होतं. रात्री जेवले नाहीत. नवरा म्हणाला, "बाबांना अपमान लागलाय." आईंनी बाबांकडे बघितलं, त्यांच्या नखांत अडकलेल्या काळ्या रेषेकडे बघितलं, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

मला मात्र राहून राहून औषधवाल्यांचा चेहरा आठवत होता. सकाळी ते दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "अहो, मी नाही केलं हो. शपथेवर सांगतो, मी नाही केलं." कुणाचा विश्वास बसत नव्हता. मी तिथून जाताना मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बाबा वाळलेले कपडे घेऊन बसले. घरात कपड्यांच्या घड्या तेच घालतात, आमच्या हातच्या त्यांना बघवत नाहीत. छकुली त्यांच्या मांडीला टेकून मोजा चघळत होती.

"सूनबाई, काल पहाटे छकुली जागी होती का गं?"

"होती."

"तिनं काही पाहिलं?"

"तिला अजून बोलता येत नाही, बाबा."

"हं." त्यांनी एक दुपटं उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. "आणि तिच्या आईला?"

"तिला येतं. पण ती वाट बघतेय."

"कशाची?"

"तुम्ही बोलण्याची."

बाबांनी दुपटं बाजूला ठेवलं. "बोललो तर सगळं बोलावं लागेल. पट्टे का काढले, हे सांगायचं तर घड्याही सांगाव्या लागतील. मग त्या फलकावर काय उरतं?"

खरं तर मलाही भीती वाटत होती. गप्प बसून निवडून आले असते, तर मी त्यांना रोज चहा दिला असता, पूर्वीसारखाच. पण पूर्वीसारखं त्यांच्याकडे बघता आलं असतं का, कोण जाणे.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. बाकांवर मावेना इतकी गर्दी. व्यासपीठावर अधिकारीबाई, त्यांच्या एका बाजूला औषधवाले, दुसरीकडे बाबा आणि काका. मी मागच्या भिंतीशी उभी होते, छकुली झोपेला आलेली.

काकांनी तक्रार वाचली. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "ज्यानं देशासाठी आभाळातून उडी घेतली, त्याला लंगोट! हा सैन्याचा अपमान आहे!"

टाळ्या पडल्या. औषधवाले उठले. "बाई, शटरचा रंग माझा. पण हे मी केलेलं नाही. मी नोंद मागितली, एवढंच. त्यांनी ती दाखवली नाही."

"उमेदवारी अर्जात युद्धाचा रकाना नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "रंगाचं बोला. मेजरसाहेब, तुम्हाला काही सांगायचंय?"

काकांनी बाबांचा शर्ट मागून खाली ओढला. बाबा तरीही उठले.

"पहिलं म्हणजे, मी मेजर नाही," ते म्हणाले. "आणि दुसरं, तो लंगोट नाही."

सभागृहात खसखस पिकली.

"मग काय आहे?"

"मांड्यांचे पट्टे आहेत. मी काढले. मीच. शिडी माझी, रंग माझा. यांनी काहीही केलेलं नाही."

काकांनी कपाळावर हात मारला, तो मागे भिंतीशी मला ऐकू आला. अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "स्वतःच्या फलकाला तुम्ही काळं फासलंत?"

"पट्ट्यांशिवाय माणूस निसटतो, बाई. मला बघवेना." आणि मग बाबा थांबलेच नाहीत. दालन, टेबलं, दोऱ्या, सगळं सांगितलं. कुठल्याही टेकडीवर आपण गेलो नाही, शत्रू डोळ्यानं पाहिला नाही, उड्या मारल्या त्या नियमामुळे आणि एक डोळा मिटून, हेही सांगितलं. "फलक लागला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगू? चित्र बघून बरं वाटलं मला."

मग मधल्या बाकावरून एका बाईंनी विचारलं, "अहो, पण तुम्ही बांधलेल्या सगळ्या छत्र्या उघडल्या का?"

बाबा घोटाळले. "माहीत नाही. उडी मारणारे तिकडे लांब जायचे. उघडली असं कळवायला आमच्याकडे कुणी परत येत नसे. तक्रार आली नाही, एवढं खरं."

"तक्रार कोण करणार? खाली पडलेला?" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह फुटलं. बाबाही हसले. छकुली दचकून जागी झाली आणि सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

औषधवाले मात्र हसत नव्हते. ते बाबांकडे बघत होते. "माझ्याकडेही तसंच आहे," ते म्हणाले. "औषध लागू पडलं तर कोण सांगायला येतं?" मग जरा घुटमळून म्हणाले, "मीही गेलो होतो सैन्यात भरती व्हायला. तळपाय सपाट म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून फलकावर गणवेश दिसला की माझं डोकं फिरतं. नोंद मागितली ती त्यामुळे. नोंद काय, नुसत्या टेबलांची असती तरी मी जळलोच असतो."

"टेबलापाशी सपाट पाय चालले असते," बाबा म्हणाले. "दिवसभर उभं तर राहायचं असतं."

अधिकारीबाईंनी तक्रार निकाली काढली आणि दोघांची उमेदवारी कायम ठेवली. काका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "फुकट मिळालेलं पद पायानं ढकललंस. आता मत मागायला दारोदार तूच चाल." आणि स्वतःच पुढे चालायला लागले.

बाबा हरले. थोडक्यात हरले, पण हरले. औषधवाले निवडून आले. निकाल ऐकून घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघू लागले.

"सूनबाई?"

"तुम्हालाच, बाबा."

"मीही तुम्हालाच," नवरा म्हणाला.

आत आईंचा भांड्यांचा आवाज जरा वाढला.

"अगं, ऐकलंस का? तू कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं."

"बायकोचंसुद्धा?"

"बायकोचं तर असतंच." आई पदराला हात पुसत दारात आल्या. "त्या दिवशी गप्प बसला असतात तर बिनविरोध आला असतात. मलाही उन्हात रांगेत उभं राहावं लागलं नसतं. आम्हाला निवडायला दोघं ठेवलेत ते तुम्हीच. आता विचारता कशाला?"

"म्हणजे त्यालाच दिलंस!"

"असं मी म्हटलं का?"

"मग मला?"

"हात धुवा आणि जेवायला बसा," आई म्हणाल्या. फलक रंगवला त्या दिवसापासून बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्या रात्री त्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि प्रत्येक वाढणीला पुन्हा तेच विचारलं.