ईश्वरीला इतक्यात सांगू नका

वालूरच्या अनंतराव मास्तरांच्या घरात वाईट बातमीचा एक नियम होता. गावाला लगेच कळवायचं, ईश्वरीला तेरावं झाल्यावर. आजोबा गेले तेव्हा तिला आधीच मामाकडे धाडलं होतं. परत आली तो आजोबा भिंतीवर, गळ्यात हार. म्हातारी गाय मेली तेव्हा 'विकली' म्हणून सांगितलं.

कारण काय, तर पोरीचं काळीज. लहानपणी ते मधेच भरधाव सुटायचं, ओठ पांढरे पडायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक तार घातली, काळजातली एक जास्तीची वाट जाळून टाकली आणि आता पोरीला खुशाल खेळू द्या म्हणाले. दुखणं गेलं, घरच्यांची भीती मात्र मुक्कामालाच राहिली. धावणं बंद, उपास बंद, तिच्याशी भांडणसुद्धा बंद. सगळेच गोड बोलायला लागले की माणूस किती एकटं पडतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. शेजारच्या पोरीही तिला खो-खोत घेत नसत.

भांडायची ती फक्त उत्तरा आत्या, अनंतरावांची विधवा बहीण. मूलबाळ नाही, भावाकडेच राहायची, तोंडानं फटकळ. "काय काचेचं भांडं हायेस का? उठ, पाणी भर," म्हणून ईश्वरीला कामाला लावायची. पुढे ईश्वरी परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला लागली, खोली घेऊन राहू लागली, तरी फोन व्हायचा तो आत्याशीच. "एकदा मोठ्या डॉक्टरला विचारून ये, इतक्या वर्षांनी ते जाळलेलं काही तरास देतं का. मग तुझ्या बापाकडं मी बघते," हे आत्यानंच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

म्हणून ती संभाजीनगरला जाऊन आली. ईसीजी झाला, एको झाला, छातीला पट्ट्या चिकटवून दिवसभर ठोकेही तपासले. डॉक्टर म्हणाले, "वण आहे, तो राहणारच. पण तो काही करत नाहीये. परत उद्भवायचं असतं तर बहुतेकदा सुरुवातीच्या काळातच उद्भवतं. कधी धडधडलं तर या, पण त्याची वाट बघत जगू नका."

हे कधी एकदा आत्याला सांगते असं तिला झालं होतं. पण अलीकडे फोन केला की आई उचलायची. आत्या निजलीय, आत्या देवळात गेलीय. खुळी पोर. घरचा नियम तिला तोंडपाठ होता, तरी शंका आली नाही. आत्यासारखं माणूस मरतं, हेच मुळी तिच्या मनात कधी आलं नव्हतं. समोरच सांगू म्हणून ती सेलूला उतरली आणि रिक्षानं वालूरला आली.

दारात अनंतराव उभे होते. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला.

"ऊन लय वाढलंय," ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. मास्तरांना खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

"बाबा, आत्या कधी गेली?"

"तू आधी बस. पाणी पी."

"कधी गेली?"

"काल तेरावं झालं." त्यांनी मान खाली घातली. "झोपेतच गेली बघ. तुला कसं सांगणार बाई? तुझं काळीज…"

"माझं काळीज चांगलं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. तेच सांगायला आले मी."

"असू दे की. जपायला काय जातंय?"

काय जातं ते ईश्वरीला विचारायला हवं होतं. आत्याचं तोंड शेवटचं बघायचं राहून गेलं होतं.

ती ओसरीवर बसली. घराचं रडून झालं होतं. आयाबाया येऊन गेल्या होत्या, गळ्यात पडून झालं होतं, सतरंज्याही धुऊन वाळत घातल्या होत्या. आतून आमटीच्या फोडणीचा वास येत होता. सगळ्यांनी मिळून जे रडायचं, ते तिला आता एकटीला रडायचं होतं, आणि बाबा दारातून टक लावून तिच्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर रडायचीही तिला चोरी झाली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली, शेजारी टेकली. तिनं ईश्वरीचा हात हातात घेतला. निदान आई तरी, असं वाटून ईश्वरीनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हुंदका सोडला. आईची बोटं तळहातावरून मनगटाकडे सरकली आणि तिथं थांबली.

ती नाडी बघत होती.