हिरव्या शेगडीवरचा आळ

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. पण अंगणात फुंकून पेटवायची नव्हे! पोलंडमधल्या एका खेड्यात, झेनोन यांच्या घरात, हिरव्या टाइलांची मी छतापर्यंत उभी आहे. त्यांच्या आजोबांनी मला बांधून घेतलं. सकाळी चार लाकडं पोटात गेली की मी दिवसभर खोली ऊबदार ठेवते. चार पिढ्यांनी माझ्याशी पाठ शेकली, ओले मोजे वाळवले आणि मी धूर केला की शिव्याही घातल्या.

मग झेनोन यांची मुलगी बोग्ना नवऱ्याला घेऊन कायमची राहायला आली. दुआर्ते पोर्तुगालचा, उन्हातला माणूस. घराची दुरुस्ती त्याने अगदी मनावर घेतली. छप्पर नीट केलं, सडक्या फळ्या बदलल्या. पण जुन्या खिडक्या काढून घट्ट बसणाऱ्या नव्या लावल्या, तेव्हा झेनोन भडकले.

"जावईबापू, घर करतोयस की लोणच्याची बरणी? माझ्या बापाच्या हातच्या खिडक्या होत्या त्या! परक्याला काय त्याचं!"

'परका' हा शब्द दुआर्तेला फार लागला. त्याने बॅग भरली. बोग्नाने रडून त्याला थांबवलं. त्यानंतर झेनोन यांनी त्याच्या कामाला कधी नाव ठेवलं नाही.

जानेवारीत थंडीचा कडाका पडला. छताजवळ हवा खेळायला भिंतीत एक जाळी होती. तिच्यातून गार वारा येई आणि झेनोन खोकत. म्हाताऱ्याला बाधू नये म्हणून दुआर्तेने तिच्यात चिंध्या कोंबल्या. खिडक्या बंद, जाळी बंद, मला श्वास मिळेना. रविवारी जेवण झाल्यावर झेनोन माझ्याशी पाठ टेकून डुलकी काढत होते आणि माझ्या पोटातला विषारी वायू खोलीत पसरत होता. त्याला ना रंग, ना वास. ज्याला लहानपणापासून ऊब दिली, त्याचाच जीव मी घेत होते!

बोग्ना चहा घेऊन आली म्हणून ते वाचले. आठवडाभर इस्पितळात होते.

"फोडून टाक ही अवदसा!" ते घरी आले त्या दिवशी बोग्ना म्हणाली.

दुआर्तेने हातोडा आणला. पण माझ्यासमोर येऊन त्याने तो खाली ठेवला.

"बाबा, हिची चूक नाही. जाळी मी बुजवली होती."

"ठाऊक आहे," झेनोन म्हणाले. "त्या दिवशी बसतानाच दिसल्या मला चिंध्या. म्हटलं, डुलकीपुरतं काय होतंय!"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू पुन्हा बॅग भरली असतीस."

दुआर्ते लहान मुलासारखा रडला.

चिंध्या निघाल्या, धुराडं साफ झालं. मी वाचले, पण मला पेटवताना अजून सगळे बिचकतात. मित्रांनो, शेगडीच्या घरात हवेची वाट कधी बुजवू नका. आणि धोका दिसला, तर कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मला वाचा असती, तर त्या रविवारी मी घर डोक्यावर घेतलं असतं.