आरतीची मशीन

संध्याकाळपर्यंत इंदूताईंचा घसा बसलेला असायचा. सर्दी-पडसं काही नव्हतं. नवऱ्याशी बोलून बोलून ही गत झाली होती. ढुंढिराजशास्त्री हिंदी मुलखातल्या दुर्गाघाटावरच्या देवीच्या लहानशा देवळाचे पुजारी. कुठलीही गोष्ट त्यांना तीनतीनदा सांगावी लागे, आणि शेवटी आवाज चढला की ते उखडत, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

"नाही, मीच पुटपुटते," म्हणत इंदूताई कामाला लागत. तेही त्यांना ऐकू जात नसे.

हे सगळं मशीन आल्यावर सुरू झालं. एका शेठजींनी नवस फेडायला देवळाला बिजलीवर चालणारी आरतीची मशीन दिली होती. बटण दाबलं की मोटार फिरे आणि नगारा, झांज, घंटा एकदम वाजू लागत. गाभारा दगडी आणि ठेंगणा. आवाजाला बाहेर पडायला वाटच नव्हती. शास्त्री मशीनला खेटून ओवाळत, आणि इंदूताई नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्या मागे उभ्या राहत. लोकांना मोठं कौतुक. इंदूताईंना मात्र आरतीच्या वेळी बिजली गेली की बरं वाटे.

आरतीनंतर शास्त्रींच्या कानात शिट्टी वाजू लागे. आधी ती जेवणापर्यंत थांबायची, पुढे थांबेनाशीच झाली. ते लसणीचं गरम तेल कानात घालत, केसाच्या पिनेने कान कोरत. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "वय झालं. चालायचंच."

पौषात साताऱ्याहून दोन भाऊ यजमान म्हणून वडिलांचं श्राद्ध करायला आले. थोरले विश्वेश, धाकटे सहदेव, आणि सहदेवांची बायको. घाटाच्या पायरीवर सगळी मांडामांड झाली. वारा बोचरा होता, खालून नावाड्यांच्या हाका येत होत्या. शास्त्रींनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"महादेव," विश्वेश म्हणाले.

शास्त्रींना शेवटचं 'देव' तेवढं पोचलं. पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटली. मघाशी ओळख करून देताना 'देव'वालं एक नाव कानावर आलंच होतं, तेच त्यांनी धरलं. विश्वेशांच्या हातात पिंड होता आणि शास्त्री खणखणीत आवाजात सहदेवाच्या नावाने मंत्र म्हणत होते.

तीळ घेऊन आलेल्या इंदूताई जागच्या जागी थिजल्या. "अहो, थांबा!" त्या ओरडल्या. शास्त्री म्हणतच राहिले. सहदेवांच्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. विश्वेशांनी पिंड खाली ठेवला. ते रागावले नाहीत. हात जोडून एवढंच म्हणाले, "गुरुजी, हा माझा भाऊ. हा समोर उभा आहे."

भावांनी दुसऱ्या गुरुजींकडून श्राद्ध करून घेतलं. तिसऱ्या दिवशी शास्त्री आपणच उपरणं घेऊन दारात उभे राहिले. "चल, दाखवू कान."

कबीरचौऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानावर यंत्र चढवलं. आवाज आला की हात वर करायचा होता. शास्त्रींचा हात मांडीवरच राहिला. बऱ्याच वेळाने ते काचेतून म्हणाले, "शुरू कीजिए ना."

डॉक्टरांनी मान हलवली. तपासणी केव्हाच सुरू झाली होती.

"मळ असता तर काढला असता," इंदूताईंकडून मशीनचं ऐकून घेऊन ते हिंदीत सांगू लागले. "रोज दोन वेळा एवढा मोठा आवाज, तोही बंद खोलीत. कान आतून झिजलाय. गेलं ते परत येत नाही. राहिलंय तेवढं जपा. मशीनपासून लांब राहा. तेल नको, पीन तर मुळीच नको." मग इंदूताईंकडे वळून, "यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, सावकाश बोला. आणि आपण आरतीला कुठे उभ्या असता?"

"यांच्या मागे."

डॉक्टरांनी त्यांनाही त्या खोलीत बसवलं. त्यांच्याही कानाला सुरुवात झाली होती. बाहेर शास्त्रींनी विचारलं, "तुला काय म्हणाले?" इंदूताईंना पुन्हा सगळं सांगायची ताकद नव्हती. त्यांनी नुसता हात हलवला.

त्या संध्याकाळी आरतीआधी इंदूताईंनी मशीनची वायर ओढून काढली. शेठजी आले, म्हणाले, "माताजी, आरती फीकी लगेगी."

"फीकी चलेगी," इंदूताई म्हणाल्या. "पुजारी बहरा हो गया, अब मेरी बारी है."

शास्त्री समोरच होते. त्यांनी इंदूताईंच्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुलाही?" एवढंच त्यांनी विचारलं. इंदूताईंनी मान डोलावली.

आठवडाभर गल्लीत कुजबूज झाली. शेवटी शेठजींनी मशीन नेऊन बाहेरच्या ओसरीत बसवली, आणि ती फक्त सणावारी लावायचं ठरलं. अशा दिवशी दोघं कानात डॉक्टरांनी दिलेली रबरी बुचं घालतात. कापसाचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. शास्त्रींनी श्राद्धाची कामं सोडली, पूजा तेवढी ठेवली. शिट्टी थांबली नाही.

इंदूताईंना आता काही सांगायचं असलं की हातातलं काम ठेवून उठावं लागतं, शास्त्रींच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. कितीदा तरी त्या अर्ध्यातून परत फिरतात. सांगायचं तेवढं महत्त्वाचं नाही, असं त्यांना वाटतं.