फोल्डरमधलं सगळं

आमच्या लहानशा ऑफिसात एक रीत होती. प्रोग्रामची नवी फाइल लिहिली की मुख्य फाइलमध्ये तिला बोलावून घेणारी इम्पोर्टची ओळ घालायची. मगच ती चालायची. एखादी फाइल नकोशी झाली की नुसती ओळ पुसायची. फाइल तिथेच पडून राहायची, कारण ऑफिस चालवणारी आमची ताई म्हणायची, "असू दे. कधी लागेल सांगता येत नाही."

प्रोग्राम डायलिसिस केंद्राचा होता. ताईचा नवरा तिथेच उपचाराला जायचा, म्हणून हे काम तिने मागून घेतलं होतं. पुढे तो वारला, तरी त्याचा मोबाइल ती रोज ऑफिसात चार्ज करायची आणि पर्समध्ये ठेवायची.

फायली वाढत गेल्या. ओळ घालायला विसरायचं, दिवसभर डोकं खाजवायचं, आणि चार दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी मीच ताईच्या मागे भुणभुण लावली. तिने तोडगा काढला: फोल्डरमध्ये असेल ते सगळं प्रोग्रामने आपणहून उचलायचं. कटकट संपली म्हणून मी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या पर्समधला मोबाइल वाजला. तिने वाचलं आणि माझ्यापुढे धरला. नवऱ्याचं नाव, आणि खाली, 'उद्या सकाळी डायलिसिस आहे. वेळेवर या.'

आठवण पाठवणारी, फोल्डरमध्ये पडून राहिलेली जुनी फाइल जागी झाली होती. पेशंट हयात आहे की नाही, हे ती बघत नसे. म्हणून तर तिची ओळ पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने या वेळी फाइलच पुसली. मग ज्या ज्या घरचं माणूस गेलं होतं, तिथे तिने स्वतः फोन लावले. "चूक आमची आहे, माफ करा." एकाने शिव्या दिल्या, तिने ऐकून घेतल्या. शेवटच्या घरातल्या आजींनी विचारलं, "पुन्हा येईल का गं असा मेसेज?"

"नाही, आजी. आता नाही येणार."

"बरं," आजी म्हणाल्या, पण फोन ठेवेनात. ताईही ठेवेना.

मग ताईने नवऱ्याचा मोबाइल हातात घेतला, मेसेज पुन्हा वाचला आणि मोबाइल बंद केला. निघताना मी नेहमीसारखा त्या मोबाइलचा चार्जर तिला काढून दिला.

"असू दे," ती म्हणाली. "आता नाही लागायचा."