लांबड्या गाण्याचे शब्द

घुम्याला घुम्या हे नाव त्याची वाचा जाण्याच्या कितीतरी आधी पडलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाटायचं, मित्र म्हणवणारी ही माणसं किती निर्दय! शाळेपासूनच तो तोंडाला कुलूप लावून बसणारा. असा माणूस रॉक बँडचा गायक झाला, हीच मुळात गंमत. बँडही तसलाच. चौघं जण डॉक्टरच्या घराखालच्या गाडी ठेवायच्या खोलीत वाजवायला जमायचे. डॉक्टर तेव्हा डॉक्टर झालेला नव्हता, दातांचं शिकत होता. त्याची आई वरून ओरडायची, "आले का बिनकामाचे?" चौघांनी तेच नाव ठेवलं. बिनकामाचे.

जाड्या त्यात बेस वाजवायचा, म्हणजे जाड तारांची गिटार. नाव तारांवरून पडलेलं, कारण अंगाने गडी काडीपैलवान. पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. ढोल्या मात्र नावाप्रमाणे होता. तो ड्रम वाजवायचा आणि दिवसा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, म्हणजे दिवसभर जीव मुठीत धरून बसायचा. डॉक्टर गिटार वाजवायचा. घुम्या घरोघर पाण्याचे मीटर वाचत फिरायचा आणि फिरता फिरता शब्द जुळवायचा. कागदावर एक अक्षर उतरवायचा नाही. तालमीला यायचा तो गाणं तोंडात घेऊनच.

वाजवायचे कसे? कानठळ्या बसवायचे, असं कोणी म्हटलं तर ते खोटं नव्हतं. पण त्यातही एक रीत होती. प्रत्येक गाणं बेसवर सुरू व्हायचं, एकटा जाड्या, सावकाश, अंधारात जिना उतरल्यासारखा. मग ढोल्या यायचा, तालाच्या किंचित मागे रेंगाळत, कारण त्याला तसंच यायचं. पुढे लोक त्याला शैली म्हणायला लागले, मग त्यानेही सुधारायचं सोडून दिलं. मग डॉक्टरची गिटार भिंतीसारखी उभी राहायची. आणि त्या भिंतीच्या पलीकडे कुठेतरी घुम्या. वाद्यं पुढे, आवाज मागे, ही अट खुद्द घुम्याचीच. "मला ऐकायला नका लावू लोकांना," तो म्हणायचा. "मी आहे एवढं कळलं की पुरे."

एकदा एका कंपनीचा माणूस आला. म्हणाला, गायकाचा आवाज वर घ्या, शब्द कळू द्या, मग बघा कुठे पोचता. चौघांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा बाणा. कॅसेट स्वतः काढल्या, पुढे सीडी काढल्या, त्याच खोलीत, मधोमध एकच माइक टांगून. कव्हरं स्वतः चिकटवली, गोंद पुरला नाही तर भाताची शितं लावून. गाण्यांना नावं द्यायचाही कंटाळा. आपापसात एकाला 'घाईचं' म्हणायचे, एकाला 'दातदुखी', आणि ज्याच्यासाठी लोक शेवटपर्यंत थांबायचे ते 'लांबडं'. लांबडं सुरू झालं की पोरं माना तुटेस्तोवर हलवायची.

मग जे व्हायचं तेच झालं. गुडघे दुखायला लागले, मुलांची लग्नं निघाली, बँड आपोआप विरला. भांडण नाही, तंटा नाही.

आणि एका सकाळी घुम्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला. पाय थोडा परत आला. वाचा गेली, लिहिणंही गेलं. एवढ्या मोठ्या भाषेतला एकच शब्द त्याच्यापाशी उरला: "बरोबर." पाणी हवं का? बरोबर. पाणी नको का? बरोबर. "तू गाढव आहेस ना?" ढोल्याने विचारून पाहिलं. "बरोबर." ढोल्या खो खो हसला, आणि मग उठून बाहेर गेला तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कारण घुम्याचे डोळे सगळं समजत होते. चुकीच्या जागी 'बरोबर' निघालं की तो डाव्या हाताची मूठ स्वतःच्या गुडघ्यावर आपटायचा.

घरात तो आणि त्याची मुलगी. बायको काही वर्षांपूर्वीच गेलेली. मुलीचं चष्म्याचं दुकान होतं. ते अर्धा दिवस बंद ठेवून ती बाबांना वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन जायची. एक दिवस ती जाड्याकडे आली, चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"काका, बाई म्हणाल्या, बोलणं जातं तरी गाणं कधीकधी राहतं. ते म्हणे डोक्यात दुसऱ्या रस्त्याने येतं. पहिले एक-दोन शब्द आपण द्यायचे, मग पुढचं माणूस स्वतःच ओढून आणतो. आणि एकदा ती वाट मोकळी झाली की बोलणंही परत येऊ शकतं."

"मग म्हणायला लावा की त्याला गाणी!"

"सगळ्यांना येतात ती करून झाली. शाळेतल्या कविताही झाल्या. नुसते बघत बसतात. बाई म्हणतात, त्यांचं स्वतःचं, शेकडो वेळा म्हटलेलं हवं. बाबा घरी कधीच गायले नाहीत, आणि आई मला कार्यक्रमांना पाठवायची नाही, कान जातील म्हणून. तुम्ही मला लांबड्याचे शब्द सांगा. मी पाठ करते."

जाड्याने तिला बसायला खुर्ची ओढून दिली.

लांबड्याचा एकूण एक सूर त्याला येत होता. झोपेतून उठवलं असतं तरी वाजवून दाखवलं असतं. घुम्याचा डावा खांदा कधी उचलणार, तो श्वास कुठे घेणार, कुठे मान खाली घालणार, सगळं पाठ. पण रंगमंचावर घुम्या पुढे, लोकांकडे तोंड करून. जाड्या त्याच्या मागे, आणि जाड्याच्या कानाशी डॉक्टरच्या गिटारचा त्याच्याहून उंच स्पीकर. तालमीच्या खोलीतही तीच गत. घुम्या काय म्हणतो हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. उभा जन्म शेजारी काढला, आणि एक शब्द ठाऊक नाही. हे आता या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"जरा आठवून सांगतो हं," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने ढोल्याला फोन लावला. "तुला येत असतील रे."

"मला? माझ्या पुढ्यात झांजा होत्या! मला माझंच ऐकू यायचं नाही. डॉक्टरला विचार, तो शिकलेला आहे."

डॉक्टरने फोनवरच चाल गुणगुणून पाहिली. "काहीतरी जाण्याबद्दल आहे," तो म्हणाला. "की येण्याबद्दल?"

जाड्याच्या बायकोने हे सगळं ऐकलं. "इतकी वर्षं वाजवलंत आणि तो माणूस काय म्हणतोय हे एकदाही विचारलं नाहीत?"

"त्यात विचारायचं काय? गाणं म्हणत होता."

"धन्य आहे," ती म्हणाली, आणि आत निघून गेली, ते जास्त लागलं.

जुनी सीडी घेऊन जाड्या आवाजाची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेला. हल्ली म्हणे मशीन गाण्यातून गळा वेगळा काढतं. काढलाही. पण एकच माइक, त्यात घुम्या शब्दांच्या कडा गिळून गाणारा. हाती लागलं ते नुसतं ओ, आ, ए, आणि मध्येच डॉक्टरच्या आईचं खोकणं. मुलीने मग फोनवरून जुन्या चाहत्यांना हाक दिली, आणि शब्दांचा पाऊस पडला. एकाने छातीठोक सांगितलं, ते संपाचं गाणं आहे. दुसऱ्याने शपथ घेतली, युद्धाचं आहे, म्हणूनच मी सैन्यात गेलो नाही. एका जोडप्याने लग्न ठरल्याचं श्रेय त्या गाण्याला देऊन चार कडवी प्रेमाची लिहून पाठवली. त्या कल्लोळात ज्याला जे हवं होतं ते त्याने ऐकलेलं, आणि प्रत्येकाला खात्री.

मुलीने एकेक घुम्यापुढे म्हणून दाखवलं. संपाचं म्हटलं. "बरोबर." युद्धाचं म्हटलं. "बरोबर." प्रेमाचं म्हणून झालं तेव्हा त्याने मूठ अशी आपटली की गुडघा काळानिळा झाला. आपलंच गाणं आपल्याला कोणी आणून देत नाही, आणि हे नव्हे एवढंही सांगता येत नाही, असा जाच वैऱ्यालाही नको. जाड्याला तिथे बसवेना आणि उठवेना.

शेवटी त्याने मुलीला खरं काय ते सांगितलं. शब्द उतरून घ्यायला आणलेली वही तिने मिटून पिशवीत ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग दोघं मिळून बाईंकडे गेले.

"शब्द नसतील तर नुसतं वाजवून बघा," बाई म्हणाल्या. "पण जसं वाजवत होतात तसंच, त्याच माणसांनी. आणि त्यांनी तोंड उघडलं की काही झालं तरी तोडू नका. धागा तुटला तर पुन्हा सापडेलच असं नसतं."

रविवारी सकाळी बिनकामाचे घुम्याच्या बैठकीच्या खोलीत जमले. ढोल्याने ड्रम आणले नाहीत, सोफ्याची उशी मांडीवर घेतली. डॉक्टरची गिटार स्पीकरविना. जाड्याने छोटा स्पीकर आणला आणि आवाज जेमतेम ठेवला, कारण घुम्याला आता मोठ्या आवाजाने घेरी यायची. बिनकामाच्यांनी इतकं हळू आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. डॉक्टरला तर स्वतःची गिटार ऐकून लाजच वाटायला लागली.

जाड्याने लांबडं सुरू केलं. एक फेरा गेला, घुम्या खिडकीकडे बघत होता. दुसऱ्या फेऱ्याला ढोल्या उशीवर आला, नेहमीसारखाच जरा मागे. तिसऱ्याला घुम्याने मान वळवली. मुलगी भिंतीला टेकून उभी. आणि घुम्याचा डावा खांदा उचलला गेला, जिथे उचलायचा बरोबर तिथेच. छाती भरली, तोंड उघडलं.

"दूध ठेवलंय गॅसवर," घुम्या गायला. स्वच्छ, अक्षर न् अक्षर सुटं. "तू नीज... मी जागा आहे..."

जाड्याने ते ऐकलं. ज्या गाण्यावर पोरं माना मोडून घ्यायची, ज्याच्यापायी कोणी सैन्यात गेला नाही, ते हे होतं? आणि त्याला एकदम ते वर्ष आठवलं. ही मुलगी नुकती झाली होती आणि तिची आई महिनोन्महिने अंथरुणाला खिळली होती. घुम्या तालमीला लाल डोळ्यांनी यायचा, दोन गाण्यांच्या मध्ये पेंगायचा, आणि हे तिघं त्याला कुंभकर्ण म्हणून चिडवायचे. काय चाललंय घरी, हे त्याने कधी सांगितलं नाही म्हणून जाड्या पुढे कित्येकदा त्याच्यावर रुसलाही होता. तो तर दर आठवड्याला सांगत होता. माइकसमोर उभा राहून, घसा फोडून सांगत होता.

बोटं कधी थांबली हे जाड्याला कळलंच नाही.

बेस थांबला तसा ढोल्याचा हात थांबला, डॉक्टरचा थांबला. घुम्याचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडं होतं. त्याने वळून जाड्याकडे पाहिलं. वाट पाहिली. ओठ हलले, जुळले, पुन्हा सुटले.

"बरोबर," तो म्हणाला.

"वाजव! अरे, वाजव!" ढोल्या ओरडला.

जाड्याने पुन्हा धरलं, पहिल्यापासून. खांदा उचलला, छाती भरली, आणि लांबड्याच्या चालीवर, सुराला अगदी पक्कं, घुम्याच्या तोंडून आलं, "बरोबर बरोबर बरोबर, बरोबर." मुलीने घाईघाईने पहिली ओळ धरून दिली, "दूध ठेवलंय, बाबा, दूध ठेवलंय गॅसवर." बरोबर बरोबर. पुन्हा. पुन्हा. दुपार होईपर्यंत वाजवलं, जाड्याच्या बोटांची सालं निघाली. घुम्या घामाघूम झाला तरी मान हलवून पुन्हा सुरू करायला सांगत होता, आणि दर वेळी तेच निघालं की मूठ उचलत होता, शेवटी ढोल्याने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली.

त्या दिवशी आलं नाही. पुढच्या रविवारी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई म्हणाल्या, प्रयत्न सोडू नका, आणि हे म्हणताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

त्या पहिल्या रविवारी निघताना मुलगी जाड्याला जिन्यापर्यंत सोडायला आली होती. बेसचं खोकं तिने उचलून त्याच्या खांद्याला अडकवून दिलं. भांडायचं तिच्या मनात नव्हतं, एवढं त्याला दिसत होतं. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"काका, इतकी वर्षं वाजवलंत. वीज गेली तरी म्हणे तुम्ही कधी थांबला नव्हतात. आजच का थांबलात?"

जाड्या जिन्याचा कठडा धरून उभा राहिला.

"ऐकत होतो गं," तो म्हणाला.